कॉर्कला निघालात? आम्हाला सतत विचारले जाणारे प्रश्न

माझा धाकटा भाऊ आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ एका औषध कंपनीत नोकरी करतो. त्या निमित्ताने मी तिथे तीनदा जाऊन आले. फेब्रुवारीत एकटी, जूनमध्ये आई-बाबा आणि मावशीला घेऊन, आणि ऑक्टोबरात नवऱ्याबरोबर. तेव्हापासून ओळखीतलं कोणीही तिकडे निघालं की फोन मला येतो आणि प्रश्न तेच असतात, म्हणून शेवटी उत्तरं लिहून काढली. आमच्या घरात एकाच गावाबद्दल पाच मतं आहेत. ती जुळवत बसले नाही.

डब्लिन सोडून कॉर्कला कशाला जायचं?

डब्लिन सोडायला कोणी सांगत नाही, दोन दिवस तिथेही राहा. पण डब्लिन ही राजधानी आहे आणि राजधानीसारखी वागते: गर्दी, रांगा, महाग हॉटेलं. कॉर्क हे आयर्लंड प्रजासत्ताकातलं दुसरं मोठं शहर. २०२२च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सांगलीपेक्षाही लहान. मध्यवस्ती ली नावाच्या नदीच्या दोन फाट्यांमध्ये बेटासारखी वसलेली आहे. गावाचं आयरिश नाव 'कॉर्कॅग', अर्थ दलदल. आजची मुख्य बाजारपेठ पॅट्रिक स्ट्रीट सरळ न जाता वळत जाते, कारण तो रस्ता बुजवलेल्या पाण्याच्या पाटावर बांधलाय. नकाशा घेऊन चाललात तर तो पाट पायांना कळतो.

कॉर्ककरांचं ठाम मत असं की खरी राजधानी तीच, डब्लिन नुसती कागदोपत्री. 'पीपल्स रिपब्लिक ऑफ कॉर्क' असं छापलेले टीशर्ट मिळतात. पुण्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का? शेंगेन चालतो का?

लागतो, आणि शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा, चालत नाही. आयर्लंड युरोपीय संघात आहे, युरो वापरतो, पण शेंगेनमध्ये नाही. पॅरिसवरून 'सहज' डब्लिनला जायचा बेत इथेच फसतो. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि मग कागदपत्रं द्यायची. बँकेचं स्टेटमेंट, राहण्याचा पत्ता, परत येण्याचं कारण हे नीट जोडा. नातेवाइकाकडे राहणार असाल तर त्याचं निमंत्रणपत्र आणि तिथल्या वास्तव्याचे पुरावेही लागतात.

ब्रिटन आणि आयर्लंड यांची भारतीयांसाठी एक एकत्रित योजना आहे. व्हिसावर 'बीआयव्हीएस' असा शेरा असेल तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं, पण ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावं लागतं. नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी आयरिश इमिग्रेशनचं संकेतस्थळ स्वतः उघडून वाचा. माझ्या किंवा एजंटच्या सांगण्यावर जाऊ नका.

आणखी एक. उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्ट ब्रिटनमध्ये येतं. वाटेत चौकी नाही, बस थांबत नाही, म्हणून व्हिसा लागत नाही असं नाही.

पोचायचं कसं?

भारतातून थेट विमान नाही. आखाती देशांमार्गे डब्लिनला उतरा, किंवा लंडन, ॲमस्टरडॅमवरून थेट कॉर्कच्या छोट्या विमानतळावर. डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकातून कॉर्कला साधारण अडीच तासांची रेल्वे आहे, विमानतळावरून थेट बसही मिळते. बाबांनी रेल्वेच निवडली. अडीच तासांत त्यांनी मोजलेल्या मेंढ्यांचा आकडा मी इथे देत नाही.

किती दिवस ठेवावेत?

चार, त्यातले दोन गावात आणि दोन आसपास. टूर कंपन्या कॉर्कला अर्धा दिवस देतात आणि त्यातले दोन तास ब्लार्नी किल्ल्याच्या रांगेत जातात. असे येऊन गेलेले लोक 'काही खास नाही हो' म्हणतात, आणि त्यांच्यापुरतं ते खरंच असतं.

गावात बघण्यासारखं काय आहे?

आयफेल टॉवरसारखं एकही नाही. हे गाव उभं राहून बघायचं नसून चालत, बोलत, मध्येच कुठेतरी बसत बघायचं आहे. तरी तुम्ही यादीच मागणार, म्हणून आमच्या घरातल्यांना जे आवडलं ते सांगते.

मावशीला शँडन आवडलं. नदीच्या उत्तरेला टेकडीवर सेंट ॲनचं चर्च आहे, १७२२ सालचं. मनोऱ्याच्या दोन बाजू लाल वालुकाश्माच्या आणि दोन पांढऱ्या चुनखडीच्या. वर वाऱ्याची दिशा दाखवणारा सोनेरी सामन मासा. चार बाजूंना चार घड्याळं, आणि ती एकमेकांशी जुळत नसत म्हणून मनोऱ्याचं लाडकं नाव 'चार तोंडांचा खोटारडा'. पण खरी मजा आत आहे. तिथल्या आठ घंटा पाहुण्यांना स्वतः वाजवता येतात. दोऱ्यांना आकडे असतात आणि कोणत्या क्रमाने ओढायच्या याची गाण्यांची कार्डं ठेवलेली असतात. मावशीने आयुष्यभर पेटी शिकवली. तिने कार्ड बाजूला सारलं, आठही दोऱ्या एकेकदा ओढून बघितल्या आणि म्हणाली, "अगं, सा ते सा आहे." मग चौथी आणि सातवी दोरी वगळून तिने सावकाश भूप वाजवला. खाली रस्त्यावर कुत्रं फिरवणाऱ्या आजोबांनी वर बघितलं, एवढंच आम्हाला दिसलं. ऐकलं मात्र सगळ्या टेकडीने. घंटा खालच्या टप्प्यावरच आहेत. पूर्ण १३२ पायऱ्या चढायच्या त्या वरून गाव बघायला. गुडघे दुखत असतील तर घंटांपर्यंत जाऊन परत या.

आईला त्याच टेकडीवरचं लोण्याचं संग्रहालय आवडलं. लोण्याचं कसलं संग्रहालय म्हणून आम्ही हसत आत गेलो. एकोणिसाव्या शतकात कॉर्क ही जगातली सर्वांत मोठी लोण्याची बाजारपेठ होती. खेड्यापाड्यांतून घोड्यांवर, गाड्यांवर लाकडी पिंपं यायची. तपासनीस पिंपात पोकळ सळई घालून तळापर्यंतचा नमुना काढायचा, वास घ्यायचा, चव बघायचा आणि प्रत ठरवायचा. वर चांगलं लोणी आणि खाली खराब, ही लबाडी तिथे चालत नसे. मग मीठ घालून ते लोणी पार वेस्ट इंडीजपर्यंत जहाजाने जाई. आईने सगळं वाचून एकच प्रश्न विचारला: "कढवून तूप का नाही केलं? मिठाचा खर्च वाचला असता." तिथल्या मुलीने तो गंभीरपणे ऐकून घेतला.

बाबांना युनिव्हर्सिटी आवडली. ते गणिताचे मास्तर होते. जॉर्ज बूल, ज्याच्या बीजगणितावर आजचे सगळे संगणक चालतात, तो १८४९ साली इथे गणिताचा पहिला प्राध्यापक म्हणून आला. त्याची बायको मेरी ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी, म्हणजे भारताचा सर्व्हेअर जनरल, ज्याच्या नावाने शिखर ओळखलं जातं तो. १८६४ मध्ये बूल भर पावसात चालत कॉलेजला गेला, ओल्या कपड्यांत तास घेतला, न्यूमोनिया झाला आणि पन्नाशीही न गाठता गेला. आजाराच्या कारणानेच आजार बरा होतो असं मानणाऱ्या बायकोने त्याला ओल्या चादरींत गुंडाळलं, असंही सांगतात. बाबा त्या दगडी चौकात बराच वेळ उभे होते. नंतर मला म्हणाले, "छत्री घे ग."

त्याच इमारतीच्या एका दगडी बोळात ओघम लिपीतले उभे शिलालेख ठेवलेत. दगडाच्या कडेवर नुसत्या आडव्या-तिरक्या रेघा, आणि त्या खालून वर वाचायच्या. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

नवऱ्याला काय आवडलं ते पबच्या प्रश्नात येईल.

इंग्लिश मार्केट म्हणजे काय? शाकाहारी माणसाने तिथे जावं का?

ती गावाच्या मधोमध असलेली १७८८ पासूनची छपराखालची मंडई आहे. पुण्याची फुले मंडई डोळ्यांपुढे आणा, फक्त भाजी कमी आणि मासे-मटण जास्त. गाळे पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांत चालत आलेत. २०११ मध्ये राणी एलिझाबेथ इथे आली होती आणि एका मासेविक्रेत्याच्या बोलण्यावर खळखळून हसली. तो फोटो तुम्हाला तिथे कोणीतरी दाखवेलच.

शाकाहाऱ्याने जावं, पण ट्राइप आणि ड्रिशीनच्या गाळ्यापुढून भरभर चालावं. ट्राइप म्हणजे वजडी, आणि ड्रिशीन हा रक्ताचा सॉसेज. आई नाकाला पदर लावून निघाली ती थेट चीज आणि ऑलिव्हच्या गाळ्यापाशी थांबली. तिथे तिला चाखायला इतकं मिळालं की दुपारचं जेवण टळलं. माझ्या मालवणी नवऱ्याचं उलट झालं. मोरी दिसते का, बांगडा कसा दिला, अशा चौकश्यांत त्याने तास घालवला. रविवारी मार्केट बंद असतं.

बाकी शाकाहारी जेवणाचे हाल होतात का?

आता नाही होत. कॉर्कमधलं कॅफे पॅराडिसो हे शाकाहारी रेस्टॉरंट १९९३ पासून चालू आहे आणि मांसाहारी आयरिश लोक तिथे आवडीने जेवायला जातात. भारतीय हॉटेलं आहेत, भारतीय किराणाही मिळतो. गावाबाहेर मात्र सूप, ब्राऊन ब्रेड आणि बटाटा यांच्याशी मैत्री करा. सोडा घालून केलेला तो जाडसर ब्राऊन ब्रेड आणि खारं लोणी एवढ्यावर मी चार दिवस आनंदाने काढले. भाजीचं सूप मागवताना ते चिकनच्या पाण्यात शिजवलंय का, हे विचारून घ्या. न विचारता मागवलं आणि चतुर्थी मोडली, असं आमच्याकडे घडलंय.

पाऊस खरंच रोज पडतो?

जवळजवळ. पण तुम्हाला वाटतो तसा नाही. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत उरकतो. कॉर्कला साधारण १२०० मिलिमीटर पडतो, पण तो वर्षातल्या दोनशेच्या आसपास दिवसांवर थोडा थोडा वाटलेला. त्यामुळे मुसळधार क्वचित, भुरभुर कायम. एका तासात ऊन, भुरभुर, वारा, परत ऊन. अशा ओलसर, मऊ दिवसाला तिथले लोक 'सॉफ्ट डे' म्हणतात, आणि त्यात तक्रार नसते.

छत्रीचा उपयोग नाही, वाऱ्याने पहिल्याच पुलावर उलटते (बाबांची उलटली). टोपी असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट आणि पाणी न शिरणारे बूट न्या. जीन्स वाळत नाही. उन्हाळ्यातही तापमान अठरा-वीसच्या आसपास, हिवाळ्यात बर्फ क्वचित पण ओली थंडी हाडात जाते.

मग कोणत्या महिन्यात जावं?

मे-जून. जूनच्या शेवटी सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. मावशीने पहिल्या दिवशी 'दिवेलागण झाली की जेवू' म्हटलं आणि आम्ही उपाशी राहिलो. डिसेंबरात उलट, साडेचारच्या आत अंधार. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी जॅझ महोत्सव असतो, १९७८ पासून. गाव वाजत असतं, पण राहायला जागा मिळत नाही.

लोक कसे आहेत? इंग्रजी समजतं का?

लोक हेच कॉर्कला जाण्याचं कारण आहे. इंग्रजी समजायला दोन दिवस लागतात. बोलणं चढउताराचं, गाण्यासारखं, आणि भरभर. आमची मालवणी जशी हेलकावे खाते, तसंच काहीसं. नवऱ्याला माझ्या आधी समजायला लागलं, यामागे हेच असावं.

काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. 'हाऊ आर यू' हा प्रश्न नसतो, थांबून तब्येत सांगायची नाही. 'ग्रँड' म्हणजे भव्य नव्हे, 'ठीक आहे, चालेल'. 'क्रॅक' म्हणजे गप्पाटप्पा, मजा. 'आय विल, येह' याचा अर्थ बहुतेक वेळा 'मुळीच नाही' असा होतो. बसमधून उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो. शाळकरी पोरंही म्हणतात. आई दुसऱ्या दिवसापासून 'थँक्यू हं' म्हणायला लागली.

बसस्टॉपवर अनोळखी माणूस हवामानापासून सुरुवात करतो आणि बस येईपर्यंत त्याच्या बहिणीच्या ऑपरेशनपर्यंत पोचतो. आपल्याकडच्या एसटी स्टँडवरच्या गप्पा आठवतात. 'तुम्ही कुठले' हा प्रश्न हमखास येतो, आणि आपण महाराष्ट्र म्हटलं की कधीकधी 'आमच्या लिओच्या वडिलांचं गाव तिकडेच ना?' असंही कोणी विचारतं. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. नवऱ्याने हे इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मला त्याला थांबवावं लागलं.

सगळं गोडगोड आहे असंही नाही. रात्री उशिरा मध्यवस्तीत दारू प्यायलेली पोरं ओरडत जातात, भावाला एकदा 'परत जा' ऐकावं लागलंय. शुक्रवार-शनिवारी मध्यरात्रीनंतर एकटीने रेंगाळू नका.

आयरिश भाषा कुठे ऐकू येते?

पाट्यांवर सगळीकडे, वर आयरिश आणि खाली इंग्रजी. कानावर मात्र क्वचित पडते. शाळेत सक्तीची, घरात विरळ. पश्चिमेला बालिव्हर्नीच्या बाजूला आयरिशभाषक पट्टा आहे, तिथे दुकानातही ती ऐकली. मराठी शाळांची काळजी करणाऱ्यांनी तिथे एक दिवस काढावा, बोलायला भरपूर मिळेल.

दारू पीत नाही, तरी पबमध्ये जावं का?

नक्की जा. पब म्हणजे आपला बार नव्हे, तो गावाचा कट्टा आहे. लेमोनेड किंवा चहा मागा, कोणी भुवई उंचावत नाही. कोपऱ्यात दोन-तीन माणसं फिडल, बासरी घेऊन बसतात. ती मंचावर नसतात, टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून वाजवतात, आणि कोणीही येऊन त्यात बसू शकतं. मध्येच एखादी बाई डोळे मिटून साथीशिवाय गाते, तेव्हा सगळा पब गप्प होतो. मावशी म्हणाली, "ही मैफल आहे, फक्त बैठक खुर्चीवर." पीत असाल तर एवढंच सांगते, कॉर्कमध्ये काळ्या बिअरसाठी गिनेस मागू नका. ती डब्लिनची. इथल्या मर्फीज आणि बीमिश. आणि कोणी तुमच्यासाठी ग्लास घेतला तर पुढची पाळी तुमची.

ब्लार्नीच्या दगडाचं चुंबन घ्यावं का?

घेतलं म्हणजे माणूस गोडबोल्या होतो, अशी समजूत. किल्ला १४४६ सालचा, मॅकार्थी घराण्याचा. शंभराहून जास्त अरुंद गोल पायऱ्या चढून गच्चीवर जायचं, पाठीवर झोपायचं, लोखंडी गज धरून डोकं मागे खाली लोंबकळवायचं आणि भिंतीतला दगड चुंबायचा. एक माणूस कंबर धरून ठेवतो. बाबांनी विचार केला आणि म्हणाले, "मला बोलणं कमी नाही." मी केलं. दगड ओला आणि गार होता. एवढंच.

पण ब्लार्नीला जा ते बागेसाठी. झाडं, धबधबा, आणि विषारी वनस्पतींचा एक वाफा आहे, त्यात एरंड दिसला. आमच्या शेताच्या बांधावर उगवतो तो, तिथे इशाऱ्याच्या पाटीमागे बघून आईला फार हसू आलं. सकाळी उघडतानाच पोचलात तर रांग लागत नाही.

कोव्हला जायचं का? फक्त टायटॅनिकच आहे ना तिथे?

लिहितात वेगळं, म्हणायचं कोव्ह. कॉर्कच्या केंट स्थानकातून लोकल धरा, खाडीच्या काठाने पंचवीस मिनिटं. एकच दिवस हाताशी असेल तर ब्लार्नी सोडा आणि इथे या.

टायटॅनिक ११ एप्रिल १९१२ रोजी इथे शेवटचं थांबलं. तेव्हा गावाचं नाव क्वीन्सटाऊन होतं. इथून १२३ जण चढले. टायटॅनिकच्या कंपनीच्या जुन्या कचेरीत त्यावर प्रदर्शन आहे, ठीक आहे. पण कोव्हची खरी गोष्ट बोटीत चढलेल्या त्या लाखोंची आहे ज्यांची बोट बुडाली नाही आणि तरीही ते परतले नाहीत. १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडला, दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली, आणि पुढची शंभर वर्षं जातच राहिली. एकट्या कोव्हमधून सुमारे पंचवीस लाख. धक्क्यावर ॲनी मूर या मुलीचा पुतळा आहे, दोन लहान भावांबरोबर. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरचं स्थलांतरितांचं नोंदणी केंद्र उघडलं तेव्हा तिथे नोंद झालेली ती पहिली.

आई त्या पुतळ्याजवळ बसली आणि भावाकडे बघत राहिली. त्याचा फोन रोज येतो, तो दर वर्षी येतो, हे सगळं तिला माहीत आहे. तरी.

स्टेशनवरून वर चढलं की सेंट कोलमनचं कॅथेड्रल लागतं, त्याच्या मनोऱ्यात ४९ घंटा आहेत. उतारावर रंगीत घरांची एक ओळ आहे, तिला 'पत्त्यांचा डाव' म्हणतात, सगळे फोटो तिथेच काढतात. १९१५ मध्ये लुसिटानिया ही प्रवासी बोट बुडवली गेली तेव्हा त्यातले कित्येक मृत इथल्या जुन्या दफनभूमीत सामूहिक खड्ड्यांत पुरले. समोरच्या स्पाइक बेटावर किल्ला आणि जुना तुरुंग आहे, होडीने जाता येतं. अर्धा दिवस धरा.

भारताशी या गावाचं काही नातं आहे का?

आहे, आणि ते पाठ्यपुस्तकात सापडत नाही. १९२० च्या मार्चमध्ये, ब्रिटिशांविरुद्धचं आयरिश स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, कॉर्कचे महापौर टोमास मॅककर्टन यांना घरात घुसून गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्या जागी आलेले टेरेन्स मॅकस्विनी यांना ब्रिटिशांनी ऑगस्टमध्ये पकडलं. त्यांनी उपोषण सुरू केलं आणि ७४ दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात प्राण सोडले. त्याच डिसेंबरात ब्रिटिश निमलष्करी दलांनी सूडापोटी कॉर्कची मध्यवस्ती पेटवून दिली. पॅट्रिक स्ट्रीटवरच्या बऱ्याच इमारती १९२० नंतरच्या दिसतात त्या यामुळे. नऊ वर्षांनी लाहोरच्या तुरुंगात क्रांतिकारक जतीन दास ६३ दिवसांच्या उपोषणाने गेले, तेव्हा मॅकस्विनींच्या घरच्यांनी कॉर्कहून भारतात तार पाठवली होती. फिट्झजेराल्ड पार्कमधल्या संग्रहालयात या दोन महापौरांचं दालन आहे. प्रवेश मोफत, गर्दी नाही.

दुसरं नातं दुःखाचं. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' हे विमान कॉर्कच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर बॉम्बने फुटलं. ३२९ जण होते, कोणी वाचलं नाही. मृतदेह कॉर्कच्या रुग्णालयात आणले गेले आणि धावत आलेल्या नातेवाइकांना इथल्या लोकांनी आधार दिला. वेस्ट कॉर्कमध्ये अहाकिस्टा नावाच्या छोट्या गावात समुद्राकाठी स्मारक आहे: एक बाग, एक सूर्यघड्याळ, आणि नावांची भिंत. दर वर्षी त्या दिवशी गावकरी आणि नातेवाईक तिथे जमतात. आम्ही जूनमध्येच होतो, पण तारीख उलटून गेली होती. हार ताजे होते. नावं मराठीतही ओळखीची वाटतात. बस तिथे सोयीची नाही, गाडी लागते.

आसपास गाडी चालवावी का?

आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात, वेगही किलोमीटरमध्ये. इंटरनॅशनल परमिट काढून न्या. अडचण रस्त्यांची आहे: दोन्ही बाजूंना उंच कुंपण, मध्ये जेमतेम एक गाडी, आणि समोरून ट्रॅक्टर. अशा छोट्या रस्त्यांवर २०२५ पासून मर्यादा ताशी ६० केली आहे, आणि साठही जास्तच वाटतात. कोकणातल्या वाडीत गाडी घातली असेल तर जमेल. समोरच्याने वाट दिली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, हा तिथला नमस्कार. आमची भाड्याची गाडी परत देताना चाकाच्या वाटीवरच्या जुन्या ओरखड्याचे पैसे मागितले गेले. निघताना फोटो काढले होते म्हणून सुटलो. तुम्हीही काढा.

एक दिवस असेल तर किन्सेल की किलार्नी? आणि क्लिफ्स ऑफ मोहर?

किन्सेल. खाडीकाठचं छोटं गाव, बसने जाता येतं, चार्ल्स फोर्टच्या ताऱ्यासारख्या तटबंदीवरून खाडी दिसते, मासे खाणाऱ्यांची चैन. किलार्नीला मुक्काम हवा. मोहरचे कडे कॉर्कपासून जाऊन-येऊन सहा तास, त्यापेक्षा वेस्ट कॉर्कमधलं मायझन हेड बघा. कडे तिथेही आहेत, माणसं कमी. गाडी आणि वेळ दोन्ही असेल तर गूगन बारा. ली नदी तिथून निघते, तळ्यात छोटं देऊळ म्हणावं असं चॅपल आहे. नदीच्या उगमाशी देवस्थान असतंच, हे बाबांना अजिबात नवल वाटलं नाही.

प्लग, पैसे, वेळ?

तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग, व्होल्टेज आपलंच. पैसे युरो, पाऊंड नाही. बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं. बस-लोकलसाठी लीप कार्ड घ्या, स्वस्त पडतं. भारत हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास पुढे.

येताना काय आणावं?

चीज विमानात वास मारतं, स्वेटर महाग आहेत, आणि हिरव्या टोप्या कोणी घालत नाही. बॅरीज चहा आणा. १९०१ पासूनची कॉर्कची कंपनी, आणि तिथली माणसं त्यावरून भांडतात. आम्ही सहा खोकी आणली. बाबा रोज सकाळी आलं घालून उकळतात, कप वर धरून रंग बघतात आणि शेजाऱ्यांना सांगतात, आयर्लंडचा चहा, असा आपल्याकडे होत नाही. त्यात आसामची पत्ती असते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.